राबणारीचा वाटा

मायाबाई गोंडाणे टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. नोकरीला लागल्या तेव्हापासून निवृत्त होईस्तोवर त्यांनी लोकांच्या शिव्या ऐकल्या आणि उत्तरादाखल 'कृपया लाईनवर राहा' म्हटलं. कॉल लागला नाही तरी शिव्या, लागून तुटला तरी शिव्या. गोड बोलायचा पगार मिळत होता, तो त्यांनी घेतला. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं की आता फुकट गोड बोलायचं नाही. नागपुरात नारी रोडवरच्या भाजीवाल्याला, पाण्याच्या टँकरवाल्याला, गल्लीत हॉर्न वाजवणाऱ्या पोरांना, सगळ्यांना तो राग ठाऊक झाला होता. राग वाईट असतो असं सांगणारे खूप असतात. त्यांच्यावर बहुधा तशी वेळ आलेली नसते.

निवृत्तीचा पैसा नवऱ्याच्या आजारपणात गेला आणि नवराही गेला. पेन्शन होती, छप्पर नव्हतं. तेव्हा नवऱ्याचे जुने मित्र आनंदराव पुढे आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, जवळ पैसा बरा. मायाबाईंची भाची दीप्ती कामठीला शाळेत शिक्षिका, तिनेही कर्ज काढलं. दोघांच्या पैशातून नारी रोडवर प्लॉट घेतला आणि तिथे भाड्याने द्यायची इमारत उभी करायचं ठरलं. मायाबाईंकडे घालायला पैसा नव्हता, पण हातपाय होते आणि जीभ होती.

भागीदारीचा लेख वकिलाकडून रीतसर करून घेतला. भाड्यातून खर्च जाऊन जे उरेल त्याचे पाच वाटे करायचे. दोन आनंदरावांचे, दोन दीप्तीचे, एक मायाबाईंचा, तो राबण्याचा. बांधकामावर उभं राहायचं, भाडेकरू शोधायचे, ठेवायचे, काढायचे, मोटर बिघडली की मिस्त्री आणायचा, हे सगळं त्यांच्याकडे. भाडेकरूंच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, कारण आनंदरावांना ती झिगझिग नको होती. शिवाय वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांना राहायला, बिनभाड्याने, इमारत विकली जात नाही तोवर. विकायची झाली तर दोघा पैसेवाल्यांचं एकमत पुरे. आधी त्यांचं मुद्दल परत जाणार आणि वर जो नफा राहील त्याचे तेच पाच वाटे होणार.

लेख वाचताना मायाबाईंना हे शेवटचं कलम टोचलं होतं. पण ज्याचा पैसा त्याची मर्जी, आणि विकणार तरी कोण, असं म्हणून त्यांनी सही केली. मग नागपूरच्या उन्हात डोक्याला ओला पंचा बांधून त्या विटा उतरवून घेत उभ्या राहिल्या. ठेकेदाराने रेतीत माती मिसळली तेव्हा अख्खा ट्रक परत पाठवला. तो ठेकेदार अजून त्यांचं नाव घेत नाही. आनंदराव महिन्यातून एकदा सावलीत स्कूटर लावून येत, 'छान, छान' म्हणत आणि जात.

इमारत झाली. मधल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट लगेच गेले. खालचा हॉल तेवढा पडून होता. जिमवाला आला, त्याचा आवाज नको. एक फर्निचरवाला आला, त्याला भिंत फोडायची होती. आणि मग प्रीतम आला.

प्रीतम जवळच्याच इंदोरा वस्तीतला, आपल्याच समाजातला, पांढरा शर्ट, खिशाला निळा पेन. आल्या आल्या मायाबाईंच्या पाया पडला आणि 'आई' म्हणाला. त्याला अभ्यासिका काढायची होती. खेड्यापाड्यांतून पोरं येतात, स्पर्धा परीक्षा देतात, त्यांना बसायला जागा नाही, खोलीत चार-चार जण राहतात, असं त्याने हात जोडून सांगितलं. मायाबाई, आनंदराव, दीप्ती, तिघंही विहाराच्या मागच्या खोलीत एका बल्बखाली बसून शिकलेली माणसं. अभ्यास म्हटला की या माणसांची मान झुकते, आणि झुकावीच. प्रीतमला ते नेमकं माहीत होतं.

भाडं निम्मं ठरलं. मायाबाई भाडेचिठ्ठीचं बोलल्या तर आनंदरावच रागावले. पुस्तकाच्या जागेला कोणी स्टँप पेपर करतं का, म्हणाले. भीड भिकेची बहीण असते हे मायाबाईंना कळत होतं, पण त्या दिवशी त्यांनीही भीड धरली. मधल्या मजल्यावरच्या परक्या भाडेकरूंचे करार रजिस्टर झाले होते, आणि आपल्या माणसाचा कागदाचा कपटाही नाही. हॉलच्या समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो लागला, मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण झालं, खीर वाटली गेली. मायाबाईंना मनापासून आनंद झाला होता. पुढे त्यांना सर्वांत जास्त राग आला तो त्या आनंदाचाच.

काही महिने भाडं आलं. मग अर्धं आलं. मग प्रीतम म्हणाला, आई, परीक्षा पुढे गेली, पोरं गावी गेली, जरा सांभाळून घ्या. मायाबाईंनी सांभाळून घेतलं. मग भाडं यायचं बंदच झालं. हॉलमध्ये मात्र लाकडी खण करून खुर्च्या दुप्पट झाल्या, दोन मोठे कूलर आले, दाराशी प्रीतमची नवी मोटरसायकल आली. आयत्या बिळावर नागोबा बसला होता आणि फणा काढून 'जय भीम आई' म्हणत होता.

मायाबाईंनी आधी समजावलं, मग सुनावलं, आणि एका सकाळी कुलूप घेऊन खाली उतरल्या. प्रीतमला वास लागला होता. त्याने आदल्या दिवशीच पोरांच्या ग्रुपवर टाकलं होतं की मालकीणबाई अभ्यासिका बंद करायला निघाल्या. दारात पोरंपोरी दाटीने उभी होती. प्रीतम त्यांच्या पुढे, आणि त्याच्या डोक्याच्या वर, आत भिंतीवर, तो फोटो.

"लावा कुलूप, आई," तो शांतपणे म्हणाला. "पण आधी हे फोटो तुमच्या हातानं उतरवा. मंग लावा."

मागून कोणीतरी 'जय भीम'चा नारा दिला. मायाबाईंच्या तोंडून आपोआप 'जय भीम' निघालं, जसं जन्मापासून निघत आलं आहे. कुलूप पदराखाली घेऊन त्या जिना चढल्या.  त्या दिवसापासून वस्तीतल्या बायका त्यांच्याशी तुटक बोलू लागल्या. विहारात त्यांच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली.

आनंदरावांना फोन केला तर ते म्हणाले, वहिनी, भाडेकरू तुमच्या खात्यात. लेखात तसं लिहिलं आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाशी काय बोलणार. मायाबाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी कपडे इतके आपटून धुतले की खालच्या फ्लॅटवालीने वर येऊन विचारलं, काही पडलं का.

महिनाभराने आनंदराव स्वतःच आले, सोबत दीप्ती. त्यांनी गिऱ्हाईक आणलं होतं. कोणी बिल्डर, अडकलेल्या इमारती स्वस्तात घेणारा. भाडेकरूसकट घ्यायला तयार होता, मात्र भाव असा की दोघांचं मुद्दल सुटेल, वर थोडंसं काही. त्या थोड्याशाचा पाचवा वाटा मायाबाईंचा. मायाबाईंनी मनात हिशेब केला. नारी रोडवर एका खोलीचं वर्षभराचं भाडंही त्यातून निघालं नसतं. आणि वरच्या दोन खोल्या तर गेल्याच.

त्यांनी एवढंच विचारलं की तो माणूस हॉल रिकामा कसा करणार. आनंदराव इकडे तिकडे बघत म्हणाले, त्याची माणसं आहेत, सामान उचलून रस्त्यावर ठेवतात.

"फोटो बी?" मायाबाई म्हणाल्या.

आनंदरावांनी घड्याळ बघितलं. दीप्ती नखं बघत बसली. मायाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खाली एक जण त्या फोटोच्या आड लपून बसला होता, आणि वर हे दोघं तो फोटो दुसऱ्याच्या हाताने फेकायला निघाले होते. आपले हात स्वच्छ. त्यांनी दोघांनाही चहा विचारला नाही. जाताना दीप्ती जिन्यात हळूच म्हणाली, मावशी, माझे कर्जाचे हप्ते चालू आहेत गं, मी काय करू. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं याचाही मायाबाईंना राग आला.

गिऱ्हाईक महिनाअखेरीला इसाराची रक्कम द्यायला येणार होतं. मायाबाई वस्तीत खोल्या बघून आल्या. जी परवडत होती तिच्यात उजेड नव्हता, जिच्यात उजेड होता ती परवडत नव्हती. एका घरमालकाने तर एकट्या बाईला देत नाही म्हणून सांगितलं. ही बाई स्वतः घरमालकीण म्हणून वस्तीत बदनाम झाली होती, हे त्याला माहीत नसावं.

अशा दिवसांत एका दुपारी त्या पाण्याची मोटर चालू करायला खाली आल्या, तर जिन्यापाशी एक मुलगी वाट बघत उभी. कुही तालुक्यातली, प्रणाली नावाची, पोलीस भरतीची तयारी करणारी. घाबरत घाबरत जवळ आली.

"आजी, एक बोलू का? थोडं भाडं कमी करा नं तुम्ही. माह्या बापानं धान विकून पैसे देल्ले. आता सर म्हणतात, मालकीणबाईनं पुन्हा भाडं वाढवलं, पुढच्या महिन्यापासून फी बाराशे."

मायाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. प्रीतम तिच्याकडून, सगळ्यांकडून, फी घेत होता आणि मायाबाईंच्या नावाने वाढवत होता. त्यांना द्यायचा छदाम नाही, आणि पोरांसमोर त्यांना रक्तपिपासू करून ठेवलेलं. दारात आडवी उभी राहिलेली ती पोरं म्हणून तशी डोळे वटारून बघत होती. खोटं बोलण्याचा राग त्यांना आलाच, पण एका गोष्टीने त्या पेटल्या. कुहीच्या कोण्या शेतकऱ्याचं धान त्यांच्या नावावर खाल्लं जात होतं.

मोटर तशीच राहिली. मायाबाई हॉलमध्ये शिरल्या. प्रीतम जेवायला गेला होता. पोरं वहीवर वाकली होती, कूलर घरघरत होते. त्यांनी कूलर बंद केले, तशी सगळ्यांनी माना वर केल्या. फोटोकडे तोंड करून त्यांनी हात जोडले, मग पोरांकडे वळल्या. आवाज एक्स्चेंजमधला लावला, स्वच्छ आणि सावकाश, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा.

त्यांनी सगळं सांगितलं. भाडं किती ठरलं होतं, ते निम्मं का केलं होतं, एकदाही कसं वाढवलं नाही आणि किती काळ एक पैसा आलेला नाही. प्रीतमला त्या शिवी देणार होत्या, पण त्या भिंतीसमोर दिली नाही.

"मी हे जागा बंद करायले आली नव्हती," त्या शेवटी म्हणाल्या. "मी त्याले काढायले आली होती. तुम्ही माह्यासमोर आडवे झाले, मले बोलू बी देल्लं नाही. आता ऐका. माह्या नावानं कोणी फी देऊ नका. मले द्यायची नाही, त्याले बी द्यायची नाही. बसा अन् वाचा."

प्रीतम आला तोवर पोरं उठून उभी होती. त्याने हसत हसत 'जय भीम आई' म्हटलं. मायाबाईंनी 'जय भीम' म्हटलं. मग प्रणालीने विचारलं, सर, आमची फी कुठं गेली. त्याने समाज, चळवळ, मालकवर्ग असं बरंच काही सांगायला सुरुवात केली, शेवटी नाराही दिला. या वेळी मागून प्रतिसाद आला नाही. पोरं प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत रक्कम मागत राहिली, एकापाठोपाठ एक. या पोरांना परीक्षेत वेळेत प्रश्न सोडवायचे शिकवलेलं असतं, ती सोडतात थोडीच.

आठवड्याच्या आत प्रीतम गेला. कूलर, खुर्च्या, पंखे, बल्बसुद्धा काढून नेले. फोटोही काखेत मारला. एका मुलीने तो ठेवा म्हटलं तर म्हणाला, विकत आणलेला आहे. मायाबाई जिन्यातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, नेऊ दे. त्याच संध्याकाळी पोरांनी वर्गणी काढून दुसरा आणला आणि खोलीवरून आणलेल्या चटयांवर बसून वाचायला लागली. विहारात मायाबाईंच्या शेजारी पुन्हा कोणीतरी बसलं. त्यांचा राग अजून गेला नव्हता.

आनंदरावांचा फोन लगेच आला. वहिनी, कमाल केली तुम्ही, म्हणाले. आवाजात इतका आनंद की मायाबाईंना संशय आला. रविवारी ते पेढे घेऊन आले, दीप्तीही आली. पेढा तोंडात असतानाच आनंदरावांनी सांगितलं की जुन्या गिऱ्हाइकाला नकार दिला आहे. आता हॉल रिकामा झाला, आता खरा भाव येणार. एक डॉक्टर तयार आहे, खाली दवाखाना आणि वर स्वतःचं घर. पोरांना महिनाभराची मुदत देऊ. वहिनी, तुमचाही वाटा बरा निघेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ज्या छपरासाठी मायाबाई त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या होत्या, ते छप्पर त्यांनी स्वतःच झाडूनपुसून विक्रीला काढलं होतं. वाटा बरा निघणार होता, हे खरं. पण त्या बऱ्या वाट्यात नागपुरात काय येतं हे त्यांनी खोल्या बघताना पाहून घेतलं होतं. पेढा त्यांनी तोंडातून काढून बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या लेख घेऊन एका वकीलबाईंकडे गेल्या. भाडेकरू कोण ठेवायचा हे आपण ठरवायचं, असं लिहिलं आहे ना, विचारलं. आहे, म्हणाल्या त्या. मग मी स्वतःलाच ठेवू शकते का. वकीलबाई थांबल्या, पुन्हा वाचलं आणि हसल्या. चालेल, म्हणाल्या, पण स्वतःच देणारी आणि स्वतःच घेणारी असं नको, देणाऱ्याच्या बाजूने दुसऱ्या एका भागीदाराची सही घ्या. म्हणजे दीप्तीची. मायाबाई तिथूनच कामठीची बस धरून तिच्या शाळेत गेल्या.

दीप्ती स्टाफरूममध्ये वह्या तपासत होती. मायाबाईंनी करार पुढे ठेवला. खालचा हॉल अभ्यासिकेसाठी माया गोंडाणे यांना, पाच वर्षांसाठी, प्रीतमशी ठरलं होतं त्याच भाड्याने, आणि भाडं दर महिन्याला त्यांच्या वाट्यातून कापून घ्यायचं. दीप्तीने वाचलं. चेहरा उतरला.

"मावशी, मंग डॉक्टर घेईल काय? पाच वर्षं कोणी घेणार नाही. अन् तुझ्या हातात काय राहील? वाट्यातला रुपया उरत नाही, उलट पेन्शनमधून घालावे लागन."

"महिन्याले चारशे," मायाबाई म्हणाल्या. "मी हिशेब केला. तुले भाडं महिन्याच्या महिन्याले भेटन, प्रीतमनं देल्लं नाही ते मी देईन. तुह्या हप्त्याले तेवढाच आधार. पण मी मोठ्या किमतीच्या आड येऊन राहिली, हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही."

दीप्तीने करार पुन्हा वाचायला घेतला. बाहेर पोरांचा गलका चालला होता. मायाबाईंनी पेन तिच्यासमोर सरकवला नाही.

"नसन करायची तर नको करू सही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. "पण मंग इथं माह्या तोंडावर म्हण, का मावशी, तू उन्हात उभी राहून बांधलं, आता तू निघ. तेवढं म्हण, मी उठून जाते. आनंदरावच्या पेढ्यातून मले सांगू नको."

दीप्तीने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा तिने पर्समधून पेन काढला. सही करताना ती रडत होती की चिडली होती, हे मायाबाईंना कळलं नाही. त्यांनी कराराला फुंकर घातली, घडी केली आणि परतीची बस धरली. चार दिवसांत करार रजिस्टर झाला.

आनंदरावांना कळलं तेव्हा ते घरी येऊन तावातावाने बोलले. प्रीतमने जे केलं तेच तुम्ही केलं, वहिनी, म्हणाले. अभ्यासिकेच्या आड लपून जागा अडवली. मायाबाईंनी ऐकून घेतलं, कारण त्यात खरं होतं. मग म्हणाल्या की तो न देता बसला होता, मी देऊन बसले आहे, तेवढाच फरक आहे. पण फरक आहे. आनंदराव म्हणाले, राबणारीचा वाटा असा उडवायचा होता तर कशाला राबलात.  त्यावर मायाबाई विचार करत राहिल्या.

पहिल्या महिन्याचं भाडं कापलं गेलं. दुसऱ्या महिन्यात हॉलच्या मागच्या संडासाचा पाईप फुटला. पोरं वर सांगायला आली. आजवर असं काही झालं की मायाबाई पदर खोचून मिस्त्रीला शोधायला निघत. या वेळी त्यांनी फोन उचलला आणि आनंदरावांना लावला. आवाज एक्स्चेंजमधला, गोड.

"भाऊजी, हॉलचा पाईप फुटला. मिस्त्री घेऊन या."

पलीकडून आनंदराव वैतागले. ते तर तुमचं काम आहे वहिनी, लेखात लिहिलं आहे, राबायचं तुमच्याकडे.

"राबायचा वाटा मी भाड्यात देऊन राहिली," मायाबाई म्हणाल्या. "तो तुमच्या खिशात येऊन राहिला. मंग राबणं बी तिकडंच आलं नं, भाऊजी? मी आता भाडेकरू आहे. अन् पाणी पायऱ्यांवर आलं आहे, लवकर या."

 मायाबाईंनी फोन ठेवला नाही.

"कृपया लाईनवर राहा," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीचा नंबर सांगायला लागल्या.